कुकरच्या शिट्ट्या कोणाला ऐकू येतात?

प्रश्न : मी ३९ वर्षांची, नाशिकला सिडकोत राहते. यजमान ४३ वर्षांचे, अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपवर (पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागात) सुपरवायझर आहेत. माणूस चांगला आहे, व्यसन नाही. पण घरात असून नसल्यासारखे. स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी उत्तर नाही. कधी नुसतं 'हं' म्हणतात आणि संध्याकाळी 'तू मला सांगितलंच नाहीस' म्हणून भांडतात. परवा 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा' असं सांगून मी आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर डाळ जळून कुकर काळाठिक्कर, आणि हे दहा पावलांवर मोबाइल बघत बसलेले. 'शिट्टी ऐकूच आली नाही' म्हणे! आतल्या खोलीत मोबाइल टुणकन वाजला की मात्र लगेच उठतात. त्यांच्या कंपनीतले लोक सांगतात, प्रेसचा आवाज जरा बदलला तरी सगळ्यात आधी यांनाच कळतं. मग बहिरेपण घरातच कसं येतं? जमिनीवरचा ओला टॉवेल ओलांडून जातात, तोही दिसत नाही. लेकीला शाळेत सोडताना स्कूटरवरही इअरफोनवर कंपनीचे फोन चालू असतात. मला मात्र सगळं ऐकू येतं. टाकी भरून वाहायला लागली, लेकीला रात्री खोकला आला, सगळं. आता आठ वर्षांची लेकही टीव्हीपुढे तशीच बसायला लागली आहे. धाकट्या दिरांनी एक रील पाठवलं, की मेंदूत 'आरएएस' नावाची गाळणी असते, तिला रोज सकाळी सूचना दिल्या की सगळं बदलतं. हे खरं का? आणि हे नाटक करत नसतील, तर मी चिडायचंही नाही का?

उत्तर : ताई, नाटक बहुधा नाही. हे वाचून तुम्हाला बरं वाटणार नाही याची कल्पना आहे. पण पुढे वाचा, तुमच्या यजमानांची सुटका एवढ्या स्वस्तात व्हायची नाही.

हे वाचत असताना डोक्यावरच्या पंख्याचा आवाज, मनगटावरच्या बांगड्या, खाली रस्त्यावर थांबलेली रिक्षा, हे सगळं तुमच्या कानापर्यंत आणि कातडीपर्यंत पोहोचतच होतं. मी नाव घेईपर्यंत त्यातलं काही जाणवत नव्हतं, इतकंच. एका वेळी नीट हाताळता येईल असं फार थोडं असतं, त्यामुळे मेंदू त्यातलं काही पुढे घेतो आणि बाकीचं मागे ठेवतो. ही सोय नसती तर साधी फोडणीसुद्धा धड देता आली नसती.

यावरचे पहिले नेटके प्रयोग कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकानं केले. ते १९५३ साली प्रसिद्ध झाले. हेडफोन लावून माणसाच्या एका कानात एक मजकूर आणि दुसऱ्या कानात वेगळाच मजकूर ऐकवायचा, आणि एकाच कानातलं मोठ्यानं म्हणत राहायला सांगायचं. नंतर विचारलं, की दुसऱ्या कानात काय होतं? बाई बोलत होती की पुरुष, एवढं लोकांना सांगता येई. मध्येच नुसती पिपाणीसारखी शिट्टी वाजली तर तेही कळे. पण बोलणं कशाबद्दल होतं, याचा पत्ता नाही. त्या कानातली इंग्रजी मध्येच सोडून जर्मन सुरू केली, तरी बहुतेकांच्या ते ध्यानात आलं नाही. लक्षात घ्या, कान शाबूत, आवाज स्वच्छ, अंतर शून्य. तुम्ही तर स्वयंपाकघरातून, एक्झॉस्ट फॅन चालू असताना बोलताय.

पुढे १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी त्यात एक भर घातली. दुर्लक्षित कानात त्या माणसाचं स्वतःचं नाव घातलं, तर साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू गेलं. म्हणजे मागे ठेवलेल्या आवाजावरही मेंदूची थोडी नजर असते आणि महत्त्वाचं काही असेल तर ते वर येतं. मोबाइलची टुणटुण आतल्या खोलीतून कशी ऐकू येते, याचं उत्तर इथे मिळतं. त्या आवाजाच्या मागे साहेबांचा फोन असू शकतो, हे त्यांच्या मेंदूत पक्कं बसलेलं आहे. पण नावसुद्धा तिघांतल्या दोघांना ऐकू गेलं नव्हतं. तुम्ही तर 'अहो' म्हणत असणार, आणि ती हाक तुमच्या इमारतीतल्या निम्म्या नवऱ्यांना लागू पडते.

आता तो 'हं'. घरोघरी यावरून भांडण होतं. तुम्ही पुढे होऊन विचारता, 'सांगा बरं, मी आत्ता काय म्हणाले?' आणि ते टीव्हीवरची नजर न काढता म्हणतात, 'आईला फोन करायचाय.' शब्द बरोबर! म्हणजे ऐकत होते, असं तुम्हाला वाटतं. तसं नसतं. कानावर पडलेलं शेवटचं वाक्य काही सेकंद जसंच्या तसं रेंगाळतं, लक्ष असो वा नसो. ताबडतोब विचारलं तर त्यातून शेवटचे तीन-चार शब्द उचलून देता येतात. अर्ध्या मिनिटानं विचारून बघा, काही हाती लागणार नाही. 'हं' हा तर निव्वळ सवयीचा आवाज. तेव्हा 'हं' आलं म्हणजे निरोप पोहोचला, हा हिशोब तुम्ही आजपासून सोडून द्या. आणि 'तू सांगितलंच नाहीस' हे ते प्रामाणिकपणे म्हणत असले, तरी ते चूक आहे, हे त्यांनी मान्य करायला हवं.

टॉवेलचंही तेच. अमेरिकेत २०१३ साली २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे स्कॅन तपासायला दिले होते, गाठी शोधण्यासाठी. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं एक चित्र घुसवलेलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. बुबुळांच्या हालचाली नोंदवल्या होत्या. त्यावरून कळलं, की न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर नेमकी त्या गोरिलावरून गेली होती. वर्षानुवर्षं स्कॅन बघणारी ही तज्ज्ञ मंडळी. ती गाठी शोधत होती, गोरिला शोधत नव्हती. तुमचे यजमान चार्जर शोधत चालले असतील, तर टॉवेल त्यांच्यासाठी जमीनच.

कुकरकडे वळू. डोळे एखाद्या गुंतागुंतीच्या कामात असले की कान मिटतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या निली लॅव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात मेंदूतल्या हालचाली थेट मोजल्या होत्या. डोळ्यांचं काम अवघड झालं, की मेंदूच्या ऐकण्याच्या भागातला प्रतिसाद अगदी सुरुवातीच्या टप्प्यातच मंदावत होता. म्हणजे 'ऐकलं आणि सोडून दिलं' असं नाही, आवाज नीट उमटलाच नाही. दर दोन सेकंदांनी चित्र बदलणारा मोबाइल हे तर डोळ्यांना गुंतवून ठेवण्यासाठीच बनवलेलं यंत्र. त्यात कुकरची शिट्टी तुमच्या घरात रोज वाजते, आणि तिच्यानंतर त्यांना आजवर काहीही करावं लागलेलं नाही. वारंवार येणाऱ्या, पण आपल्याकडून काहीच न मागणाऱ्या आवाजाला मेंदू प्रतिसाद देणं बंद करतो. रेल्वेलाइनीला लागून राहणाऱ्यांना गाडी ऐकू येत नाही, पाहुण्यांची मात्र झोप उडते, ती यामुळेच.

इथवर वाचून यजमान खूश झाले असतील. मानसशास्त्र कशाला, बृहदारण्यक उपनिषदातही हे आहेच : 'अन्यत्रमना अभूवं नाश्रौषम्', माझं मन दुसरीकडे होतं, मला ऐकू आलं नाही. सबब अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. खरीही आहे. पण इथे थांबलो तर तुमच्यावर अन्याय होईल.

कारण तुम्हीच पत्रात लिहिलंय, की प्रेसचा आवाज जरा बदलला तर सगळ्यात आधी यांनाच कळतं. त्या शॉपवर कान फाटेल इतका गोंगाट असतो. त्यातून डाय (साचा) घसटतेय की प्रेसचा स्ट्रोक चुकतोय हे ओळखणारा कान जन्मतः मिळत नाही. पार्ट रिजेक्ट झाले तर विचारणा त्यांना होणार, मशीन बसलं तर उत्तर त्यांनी द्यायचं, म्हणून तो कान तयार झाला. शिट्टी तुम्हाला ऐकू येते, कारण डाळ करपली तर जबाब तुम्ही द्यायचा असतो. टाकी वाहिली तर सोसायटीतली माणसं तुम्हाला बोलतात. कोणता आवाज पुढे घ्यायचा हे मेंदू ज्या गोष्टींवरून ठरवतो, त्यात 'हा आवाज आला तर उठायचं कोणी' हा प्रश्न फार वरचा आहे. तुमच्या घरात त्याचं उत्तर ठरलेलं आहे. त्यांचे कान निर्दोष असतील, पण घरातल्या कामाची वाटणी निर्दोष नाही, आणि कान त्या वाटणीप्रमाणे चालतात.

'बायकांना निसर्गतःच जास्त ऐकू येतं' असं कोणी सांगेल. फ्रान्समधल्या सेंट-एतिएन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली आई-बापांना निरनिराळ्या तान्ह्या बाळांचं रडणं ऐकवलं आणि त्यातून आपलं बाळ ओळखायला सांगितलं. बाळाबरोबर रोज चार तासांहून जास्त वेळ घालवणारे बाप आयांइतकेच पक्के निघाले. कमी वेळ देणारे मागे पडले. फरक बाई-पुरुषाचा नव्हता, सोबतीचा होता.

रीलबद्दल दोनच ओळी पुरेत. 'आरएएस' (रेटिक्युलर ॲक्टिव्हेटिंग सिस्टिम) नावाचं चेतापेशींचं एक जाळं मेंदूत आहे. मेंदूच्या देठातल्या त्या जाळ्याला विजेनं चेतवलं तर गुंगीतल्या मांजराच्या मेंदूत जागेपणीच्या लहरी उमटतात, हे मोरुझ्झी आणि मॅगून या संशोधकांनी १९४९ साली दाखवलं. पण त्याचं मुख्य काम जागं ठेवण्याचं. कशाकडे लक्ष द्यायचं ही निवड थॅलॅमस (मेंदूच्या मधोमध असलेला एक भाग), मेंदूचं बाहेरचं आवरण, आठवणी, भावना अशा अनेकांच्या देवाणघेवाणीतून होते, आणि सकाळी आरशासमोर पाच वाक्यं म्हटल्यानं त्यात डाळ शिजत नाही. दिरांना नमस्कार सांगा.

आता करायचं काय?

सगळ्यात आधी कानांची तपासणी. हे मी नुसती औपचारिकता म्हणून सांगत नाही. प्रेस शॉपवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाला गोंगाटामुळे बहिरेपण येण्याचा धोका खराच असतो. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज असला, तर कानाला संरक्षण हवंच. नुकसान सहसा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीपासून सुरू होतं, त्यामुळे माणसाला स्वतःला ते कळत नाही. गाडीचा हॉर्न, पुरुषांचं बोलणं ठीक ऐकू येतं. स, श, फ असे अक्षरांचे बारीक फटकारे निसटतात, बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं पुसट वाटतं, लग्नाच्या हॉलमध्ये तर काहीच कळत नाही. टीव्हीचा आवाज हल्ली वाढवतात का, 'काय?' असं वारंवार विचारतात का, कानात शीळ घातल्यासारखं होतं का, हे बघा. मोबाइलची टुणटुण ऐकू येते म्हणजे कान ठीक, असं समजू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, आणि ती ड्युटीवरून आल्या आल्या नको. गोंगाटातून बाहेर पडल्यावर काही तास कान तात्पुरते बधिर असतात. सुट्टीचा दिवस शांततेत गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. कंपनीत अशी तपासणी होत असेल तर जुने रिपोर्ट मागून घ्या. इअरप्लग मिळतात आणि लॉकरमध्ये पडून असतात, असं असेल तर त्यावर मात्र घरी भांडण जरूर करा.

लहानपणापासूनच वस्तू हरवणं, कामं अर्धवट सोडणं, ऑफिसातही लक्ष उडणं असं काही असतं, तर मी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितलं असतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

दुसरं, स्कूटर. इथे मी अजिबात गोडीनं बोलणार नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठात २००३ साली सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांचा अभ्यास झाला. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणारे लोक रस्त्याकडेच्या पाट्यांकडे थेट बघत होते, तरी नंतर त्यांना त्या पाट्या कमी आठवल्या. म्हणजे 'हात तर हँडलवर आहेत ना' या युक्तिवादाला अर्थ नाही, अडचण हाताची नाहीच. कंपनीचा फोन दहा मिनिटं थांबतो. मागे लेक बसलेली असताना कानात काहीही नको. हा एक नियम चर्चेला न ठेवता लावा.

तिसरं, बोलण्याची पद्धत. भिंतीपलीकडून निरोप देणं बंद. समोर जा, नजरेला नजर मिळू द्या, नावानं हाक मारायचा संकोच असेल तर खांद्याला हात लावा, आणि मान वर झाल्यावर मग बोला. एका वेळी एकच काम सांगा. त्यांनी 'हं' न म्हणता ते काम स्वतःच्या शब्दांत परत म्हणायचं : 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करतो.' शॉपवर शिफ्ट बदलताना ते कामाची देवाणघेवाण करतच असतील, त्यामुळे यात त्यांना नवीन काही नाही. तुम्ही म्हणाल, हेही कष्ट मीच घ्यायचे? म्हणून पुढचं.

चौथं, आणि माझ्या मते खरं. दोन कामं पूर्णपणे त्यांच्याकडे द्या : सकाळचा कुकर आणि पाण्याची मोटर. 'मदत' म्हणून नाही. डाळ-तांदूळ धुऊन लावण्यापासून शिट्ट्या मोजून गॅस बंद करण्यापर्यंत, मोटर चालू करण्यापासून टाकी भरण्यापर्यंत, सगळं त्यांचं. तुम्ही आठवण करायची नाही, चौथ्या शिट्टीला धावायचंही नाही. पहिल्या आठवड्यात भात लागेल. लागू द्या. डबा त्याच भाताचा भरा. टाकी वाहिली तर खालच्या काकांना उत्तर द्यायला त्यांनीच जायचं. हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जड जाईल, कारण तुमचा कान तर ऐकणारच आहे. पण तुम्ही उठलात, की त्यांच्या मेंदूला या आवाजाची दखल घ्यायचं कारणच उरत नाही. मोबाइलवर त्यांनी स्वतः टायमर लावला तर त्याला फसवणूक म्हणू नका. ते जबाबदारी घेतल्याचंच लक्षण आहे.

तुमच्याबद्दलही थोडं. 'मला सगळं ऐकू येतं' हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय, पण मला त्यात थकवा दिसला. झोपेतसुद्धा मेंदू काही आवाजांवर पहारा ठेवतो. १९६० च्या एका ब्रिटिश प्रयोगात झोपलेल्या माणसांच्या मेंदूनं इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला वेगळा प्रतिसाद दिला होता. तुम्ही तर खोकला, टाकी, दूधवाला, गॅस अशा सगळ्यांसाठी रात्रंदिवस हजेरी देताय. आठवड्यातल्या काही रात्री लेकीच्या खोकल्याला त्यांनी उठायचं असं ठरवा आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. पहिल्यांदा झोप लागणार नाही. नंतर लागेल.

आणखी एक, रागावू नका. 'हे ऐकतच नाहीत' असं मनात पक्कं झालं, की न ऐकलेली प्रत्येक हाक मोजली जाते आणि ऐकलेली सुटून जाते. तुमचा मेंदूही त्यांच्यासारखाच निवड करतो. आठवडाभर दोन्ही कागदावर टिपून बघा. तक्रार तरीही खरी निघेल असा माझा अंदाज आहे, पण आकडा थोडा खाली येईल.

लेकीचं काय? आठव्या वर्षी टीव्हीपुढे कान बंद होणं अगदी नेहमीचं आहे. मुलांना लक्ष इकडून तिकडे वळवणं मोठ्यांपेक्षा अवघड जातं. तिच्याशीही तोच नियम : समोर जाऊन, टीव्ही थांबवून बोला. सर्दी वारंवार होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येतं, तेव्हा त्याच फेरीत तिचेही कान दाखवून आणा. आणि एक गंमत करा. तिला आरशासमोर उभं करून आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात, मग उजव्या डोळ्यात बघायला सांगा. तिला स्वतःचे डोळे हलताना दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या बाबांना मात्र स्पष्ट दिसतील. डोळा झटकन फिरतो तेवढ्या क्षणात मेंदू चित्र दाबून टाकतो, म्हणून असं होतं. मग दोघांनी जागा बदलायची. आपल्याला दिसलं नाही म्हणजे घडलं नाही असं नसतं, हे बाबांना तुमच्यापेक्षा तिच्याकडून कळलेलं जास्त चालेल.

तुमचा शेवटचा प्रश्न, चिडायचं की नाही. ऐकू आलं नाही म्हणून चिडू नका, त्यानं हाती काही लागत नाही. कानांचा रिपोर्ट चांगला आला, कुकर आणि मोटर त्यांच्या गळ्यात पडली, आणि महिन्याभरानंतरही त्यांनी 'हे काही माझ्यानं होत नाही' म्हणून हात झटकले, तर तो प्रश्न लक्षाचा राहत नाही, इच्छेचा होतो. तेव्हा खुशाल चिडा. आणि मला लिहा, ते उत्तर वेगळं असेल.